‘सर्व सजीवांना ऑक्सिजन लागतो’ – हे वाक्य आता फळ्यावरून पुसूया



परिसर अभ्यासात ‘सजीवांची लक्षणे’ हा भाग आला की एक वाक्य हमखास फळ्यावर येतं. ‘सर्व सजीवांना जगण्यासाठी ऑक्सिजन लागतो.’ मुलं ते वहीत उतरवतात, पाठ करतात, चाचणीत रिकाम्या जागेत ‘ऑक्सिजन’ भरतात आणि एक गुण मिळवतात. सगळं कसं छान, नीटनेटकं. फक्त एवढंच की हे वाक्य खरं नाही.

ते वाक्य लिहून घेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या मोठ्या आतड्यात या क्षणी अब्जावधी जिवाणू ऑक्सिजनशिवाय मजेत जगत असतात. त्यातल्या बहुतेकांना ऑक्सिजन मिळाला तर ते वाढणार नाहीत, कित्येक तर मरून जातील. गोठ्यातल्या गाईच्या पोटात हेच, गोबरगॅसच्या टाकीत हेच, शेतातल्या ओल्या चिखलात हेच.

माझं म्हणणं सरळ आहे. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची ओळख प्राथमिक शाळेतच झाली पाहिजे. आणि ती करून देताना नुसतं ‘असेही जीव असतात बरं का’ असं म्हणून थांबू नये. ते जीव काम कसं करतात, म्हणजे त्यांची प्रथिनं काय करतात, हेही सोप्या भाषेत सांगावं. यात मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, फक्त सामान्यज्ञानाचा नाही. कसा, ते पुढे येईलच.

ऑक्सिजन आधी नव्हताच!

पृथ्वीवर जीवसृष्टी किमान ३५० कोटी वर्षांपासून आहे. पण हवेत ऑक्सिजन साठायला सुरुवात झाली साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे मधली शंभर कोटींहून जास्त वर्षं सजीव होते, पण हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता! ऑक्सिजनशिवाय जगणं ही नंतरची काहीतरी विचित्र सवय नाही. तीच मूळची रीत आहे. आपण ऑक्सिजनवाले मागाहून आलेले पाहुणे.

माणसाला हे कळलं १८६१ साली. लुई पाश्चर आंबण्याच्या क्रियेचा अभ्यास करत होते. सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात त्यांना दिसलं की काही जीव थेंबाच्या कडेला, जिथे हवा लागते तिथे, निपचित पडतात. आणि मधल्या भागात, जिथे हवा पोचत नाही तिथे, चांगले वळवळतात. हवेने जीव मिळायचा तर इथे हवेनेच जीव जात होता. पुढच्या वर्गांत ‘विनॉक्सीश्वसन’ हा शब्द येतो ना, त्याची सुरुवात ही अशी झाली.

प्रथिन म्हणजे फक्त डाळ-अंडी नव्हे

आपल्याकडे प्रथिन हा शब्द मुलांना ‘आहार’ या पाठात भेटतो. डाळी, अंडी, दूध, शरीराची वाढ आणि झीज भरून काढणे. हे बरोबरच आहे, पण अर्धंच आहे. प्रथिनं म्हणजे पेशीतले कामगार आणि त्यांची अवजारं. कापणं, जोडणं, वाहून नेणं, दार उघडणं-बंद करणं, यातली जवळपास सगळी कामं प्रथिनं करतात.

मुलांना असं सांगता येतं. वीस प्रकारचे मणी घ्या. त्यांची लांब माळ ओवा. आता ही माळ आपोआप दुमडून, गुंडाळून एक ठरावीक आकार घेते असं समजा. मणी म्हणजे अमिनो आम्लं आणि दुमडलेली माळ म्हणजे प्रथिन. मण्यांचा क्रम ठरला की बहुतेक वेळा आकार ठरतो आणि आकारावरून काम ठरतं. कात्रीचा आकार कापायला, चमच्याचा आकार वाढायला, किल्लीचा आकार कुलूप उघडायला. किल्ली ठोकून सपाट केली तर लोखंड तेवढंच राहतं, वजन तेवढंच राहतं, पण कुलूप काही उघडत नाही.

या एका उदाहरणावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे. म्हणून ती किल्ली लक्षात ठेवा.

यांना ऑक्सिजन सोसत का नाही?

चौकस मूल हा प्रश्न विचारतंच. ‘सर, आपल्याला हवा लागते, मग ते हवेने का मरतात?’

उत्तर त्यांच्या प्रथिनांत आहे. विनॉक्सी जिवाणूंची कितीतरी प्रथिनं आपल्या पोटात लोखंड आणि गंधक यांचा एक चिमुकला ठोकळा बाळगून असतात. चार अणू लोखंडाचे, चार गंधकाचे, मिळून घनासारखा आकार. हा ठोकळा इलेक्ट्रॉन एकाकडून घेऊन दुसऱ्याला देतो. लग्नाच्या पंगतीत पत्रावळी हातोहात पुढे सरकवतात ना, तसं. ऊर्जा मिळवण्याचं काम याच देवघेवीवर चालतं. असं एक प्रथिन १९६२ साली क्लॉस्ट्रिडियम पाश्चरिॲनम नावाच्या जिवाणूत सापडलं, त्याला फेरेडॉक्सिन म्हणतात. जिवाणूचं नाव पाश्चरांच्या आठवणीत ठेवलेलं, हे मुलांना आवर्जून सांगावं.

आता ऑक्सिजन काय करतो? तो इलेक्ट्रॉनचा हावरा. उघड्यावरच्या ठोकळ्याजवळ तो पोचला की त्यातले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. ठोकळा मोडतो, प्रथिन निकामी होतं. शिवाय या ओढाताणीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे त्रासदायक पदार्थ तयार होतात. आपल्या पेशींत त्यांचा बंदोबस्त करायला कॅटलेज नावाचं विकर, म्हणजेच एन्झाइम असतं. क्लॉस्ट्रिडियमच्या घराण्यात ते सहसा नसतं. लोखंड-गंधकाचे ठोकळे आपल्या पेशींतही आहेत, पण आपल्याकडे ते जपून ठेवलेले असतात आणि दुरुस्तीची सोय असते.

खेड्यातल्या मुलांना हे ओळखीच्या गोष्टींतून दाखवता येतं. दोन उदाहरणं बघा.

१) गोबरगॅस. टाकीत शेणाचा काला घातला की आधी काही जिवाणू तो कुजवतात आणि शेवटी मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव काम हातात घेतात. (हे दिसायला जिवाणूंसारखे असले तरी त्यांचं घराणं वेगळं आहे, हे कार्ल वूज यांनी १९७७ साली दाखवलं.) मिथेन बनवण्याची शेवटची पायरी पार पाडणाऱ्या त्यांच्या विकराच्या पोटात निकेल हा धातू असतो. हे निकेल एका विशिष्ट अवस्थेत असलं तरच काम होतं आणि ऑक्सिजन लागला की ती अवस्था जाते. म्हणून तर टाकी हवाबंद ठेवावी लागते! पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्यावर आणि पिठूळ कचऱ्यावर चालणारं छोटं घरगुती संयंत्र तयार केलं. त्यासाठी संस्थेला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. म्हणजे ही विद्या परदेशातल्या प्रयोगशाळेतच असते असं नाही, आपल्या स्वयंपाकघराच्या मागे आहे.

२) हरभऱ्याच्या गाठी. हरभरा, भुईमूग, तूर यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांत हवेतला नायट्रोजन पकडणारे जिवाणू असतात. हे जिवाणू स्वतः श्वसनासाठी ऑक्सिजन वापरतात. पण नायट्रोजन पकडणारं त्यांचं विकर, नायट्रोजिनेज, ऑक्सिजनने बिघडतं. मग यातून वाट कशी काढायची? वनस्पती गाठीत एक तांबूस प्रथिन बनवते. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूला हवा तेवढा, मोजून मापून देतं. ताजी गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी रंग दिसतो, तो याच प्रथिनाचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते नातेवाईक. कारखान्यात हाच नायट्रोजन पकडायला चारशे अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणू मात्र ते काम रानातल्या मातीत, आहे त्या ऊबेत करतो, कारण त्याच्याकडे नेमक्या आकाराचं प्रथिन आहे.

धनुर्वात : एका प्रथिनाची करामत

आता मूळ मुद्द्यावर येते. मुलांच्या जिवाचा प्रश्न म्हटलं तो हा.

मुलांना विचारा, ‘धनुर्वात कशाने होतो?’ उत्तर येतं, ‘गंजलेला खिळा लागल्याने.’ पालकही हेच सांगतात. त्यामुळे काय होतं? चकचकीत पत्रा लागला, बाभळीचा काटा पायात खोल गेला, लाकडाची शिलक घुसली, तर ‘काही नाही, गंजकं नव्हतं’ म्हणून सोडून दिलं जातं.

गंजाचा यात काही दोष नाही. धनुर्वाताचा जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम टेटानी, मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजाणूच्या रूपात पडून असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो ढोलाच्या टिपरूसारखा दिसतो, एका टोकाला गोल बोंडूक. ते बोंडूक म्हणजे बीजाणू. तो वर्षानुवर्षं टिकतो, नुसत्या उकळत्या पाण्यालाही सहज दाद देत नाही. हवेत तो झोपलेला असतो. पण खोल, अरुंद जखमेत शिरला, वरून जखम मिटली, आतलं मांस मेलं, तिथे रक्त आणि ऑक्सिजन पोचेना, की हा जागा होतो. त्याला हवं ते घर मिळालं! म्हणजे ‘विनॉक्सी’ हा शब्द नीट समजलेल्या मुलाला आपोआप कळतं की जखम किती गंजकी यापेक्षा जखम किती खोल, किती घाणेरडी आणि किती बंद, हे महत्त्वाचं.

जिवाणू स्वतः जखमेतच राहतो. शरीरभर जातं ते त्याने तयार केलेलं एक प्रथिन. हे प्रथिन १,३१५ अमिनो आम्लांचं. त्याच्या रचनेत तीन भाग आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. एक भाग पत्ता शोधणारा, तो मज्जातंतूच्या टोकाला चिकटतो. दुसरा दार उघडणारा, तो पेशीच्या आतल्या पडद्यातून वाट करून देतो. तिसरा कापणारा, त्याच्यात जस्ताचा एक अणू बसवलेला असतो आणि तो कात्रीसारखं काम करतो. ही कात्री बाकीच्या भागाला गंधकाच्या एका पुलाने बांधलेली असते. आत पोचल्यावर तो पूल तुटतो आणि कात्री मोकळी होते.

हे प्रथिन मज्जातंतूच्या आतून वर वर चढत पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातं. तिथे ‘स्नायू सैल सोड’ असा निरोप देणाऱ्या चेतापेशी असतात. निरोप पाठवायला त्यांना सिनॅप्टोब्रेविन नावाचं प्रथिन लागतं. ही कात्री नेमकं तेच कापते. सैल सोडण्याचा निरोप बंद, आखडण्याचा निरोप चालू. मग दातखिळी बसते, मान ताठ होते, पाठ धनुष्यासारखी वाकते. धनुर्वात! आपल्या भाषेने या रोगाचं नाव किती अचूक ठेवलंय बघा. ही कात्री नेमकं काय कापते हे जगाला १९९२ साली समजलं.

कात्री तीच, पत्ता वेगळा

याच घराण्यातला दुसरा जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याच्या विषाचे अनेक प्रकार आहेत. त्यातलं ‘बी’ प्रकारचं विष तेच सिनॅप्टोब्रेविन कापतं, तेही अगदी त्याच जागी! पण रोग मात्र बरोबर उलटा. धनुर्वातात अंग ताठतं, इथे अंग लुळं पडतं. असं का? कारण पत्ता शोधणारा भाग वेगळा आहे. हे विष मज्जारज्जूकडे जात नाही, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या जोडावरच थांबतं आणि ‘आखड’ हा निरोपच बंद करतं. प्रथिनाची रचना आणि कार्य यांचा संबंध समजावायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. एकच पत्र दोन वेगळ्या घरी टाकलं तर दोन वेगळे गोंधळ होणारच.

आणि याचा आपल्या घराघराशी संबंध आहे. बाळ जन्मलं की मध चाटवायची पद्धत आपल्याकडे आहे. मधात या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीपासून वस्ती करून असलेले जिवाणू त्यांना वाढू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते. तिथे ऑक्सिजन नाही, प्रतिस्पर्धी नाहीत, मग बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. बाळ मलूल होतं, रडणं क्षीण होतं, दूध ओढेनासं होतं. म्हणून एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असा सल्ला डॉक्टर देतात. कितीही शुद्ध, रानातला, घरचा मध असला तरी! ही गोष्ट चौथी-पाचवीच्या मुलीला कळली तर ती घरी जाऊन आजीला सांगेल. आपलं सहा महिन्यांचं भावंडं तिच्या मांडीवरच खेळत असतं.

लस : काम गेलं, आकार राहिला

१८८९ साली कितासातो यांनी धनुर्वाताचा जिवाणू वेगळा वाढवून दाखवला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि बेरिंग यांनी त्याच्या विषावर उतारा ठरणारं द्रव्य प्राण्यांच्या रक्तात तयार होतं हे सिद्ध केलं. नंतर १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये गॅस्टन रॅमन यांच्या कामातून लसीचा मार्ग सापडला. विषावर फॉर्माल्डिहाइडची क्रिया केली की त्याची मारक शक्ती जाते, पण शरीराला ओळख पटण्याइतका आकार शिल्लक राहतो. किल्ली आठवते? दात बोथट केले, कुलूप आता उघडत नाही, पण पाहणाऱ्याला ही किल्ली कोणाची ते ओळखू येतं. शरीर हा आकार लक्षात ठेवतं आणि खरं विष आलं की त्याला वाटेतच धरतं. शाळेत मुलांच्या दंडात टोचली जाणारी टीडी लस म्हणजे हेच, सोबत घटसर्पाच्या विषावरचा असाच भाग.

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात टीडीचे डोस १० व्या आणि १६ व्या वर्षी आहेत. त्याआधी ५ ते ६ वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा बूस्टर. म्हणजे पहिलीचं मूल, पाचवीचं मूल आणि दहावी-अकरावीचं मूल. तिन्ही वेळा मूल शाळेच्या पटावर असतं! तरीही लसीकरणाच्या दिवशी काय होतं हे आपण सगळे जाणतो. काही मुलं मुद्दाम गैरहजर राहतात. काही पालक म्हणतात, ‘बाकीच्यांना दिली ना, मग आमच्याला नको, ताप येतो.’

इथे एक गोष्ट पालकसभेत ठासून सांगायला हवी. गोवरासारखा रोग माणसाकडून माणसाला होतो, त्यामुळे गावातल्या बहुतेकांनी लस घेतली तर उरलेल्या एखाद्यालाही आडोसा मिळतो. धनुर्वाताचं तसं नाही. तो माणसाकडून येतच नाही, तो मातीतून येतो. शेजारच्या शंभर मुलांनी लस घेतली तरी न घेतलेल्या मुलाच्या पायाखालची माती काही बदलत नाही. ज्याची लस त्यालाच संरक्षण. शिवाय हे विष इतकं जहाल की जीव घ्यायला पुरेशी असलेली मात्राही शरीराला ओळख पटायला अपुरी पडते. त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते.

लसीने काय साधतं याचा पुरावा आपल्याच देशात आहे. नाळ अस्वच्छ पात्याने कापणं, नाळेवर शेण किंवा राख लावणं यामुळे पूर्वी नवजात बाळं धनुर्वाताने दगावत. गरोदर मातांना लस, दवाखान्यात बाळंतपण, स्वच्छ नाळ या तीन गोष्टींनी चित्र बदललं आणि २०१५ साली माता व नवजात धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. निर्मूलन म्हणजे जिवाणू संपला असं नाही. तो मातीत आहे आणि राहणार. लस थांबली की तो पुन्हा येईल.

टाकीत उतरू नका

अजून एक गोष्ट थोडक्यात, पण तितकीच मोलाची. मैल्याची टाकी, गटार, बंद पडलेली विहीर, गोबरगॅसची टाकी यांत विनॉक्सी सूक्ष्मजीवांनी तयार केलेले वायू साठतात. त्यातला हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. ‘आता वास नाही म्हणजे वायू गेला’ असं समजून माणूस आत उतरतो. हा वायू आपल्या पेशींतल्या, ऑक्सिजन वापरणाऱ्या विकरालाच अडवतो. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी हे थांबलेलं नाही. आपल्या वर्गातल्या मुलांना ‘आत कोणी पडलं तर उतरायचं नाही, आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवायचं’ एवढं आणि त्यामागचं कारण, दोन्ही कळलं पाहिजे. नुसता नियम विसरला जातो. कारण कळलेलं असलं तर लक्षात राहतं.

‘पण मॅडम, हे प्राथमिकला जड नाही का?’

हा आक्षेप मला ओळखीचा आहे. त्याची उत्तरंही आहेत.

‘मुलं लहान आहेत.’ हो, आहेत. म्हणून नायट्रोजिनेज हा शब्द पाठ करून घ्यायचा नाही. नावं सोडा, कल्पना सांगा. ‘काही जीवांना हवा नको असते’ आणि ‘आकार बदलला की काम बदलतं’ या दोन कल्पना तिसरीच्या मुलालाही पेलतात. विजेचा मंडल आपण शिकवतोच की, तेव्हा इलेक्ट्रॉनची सगळी शास्त्रं सांगतो का?

‘पुस्तकात नाही.’ पुस्तक ही किमान मर्यादा आहे, कुंपण नाही. आणि पुस्तकाबाहेरचं शिकवणं बाजूला ठेवलं तरी जे चुकीचं आहे ते फळ्यावर न लिहिणं आपल्या हातात आहे. ‘सर्व’ हा शब्द काढून ‘बहुतेक प्राणी व वनस्पती’ लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

‘आपण डी.एड. झालेले, हे एम.एस्सी.वाल्यांचं काम.’ हे मला अजिबात मान्य नाही. मूल ‘का’ विचारतं ते पहिल्यांदा आपल्याला, एम.एस्सी.वाल्याला नाही. त्याच्यापर्यंत ते मूल पोचेपर्यंत दहा-बारा वर्षं गेलेली असतात आणि चुकीचं वाक्य तोवर डोक्यात घट्ट बसलेलं असतं. गंजक्या खिळ्याची समजूत पदवीधर माणसांतही सापडते ती यामुळेच.

‘वेळ नाही.’ माहितीची कामं, ऑनलाइन नोंदी, प्रशिक्षणं यांतून वेळ काढणं अवघड आहे हे खरंच. पण यासाठी वेगळा तास नको. आहारात, आरोग्यात, मातीच्या पाठात दोन-दोन वाक्यं जोडली तरी काम होतं.

वर्गात करता येतील असे चार उपक्रम

१) कच्चा बटाटा, शिजलेला बटाटा. औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड शिक्षकांनी स्वतः थेंब-थेंब टाकावं, मुलांच्या हाती देऊ नये. कच्च्या फोडीवर फेस येतो, शिजवून गार केलेल्या फोडीवर येत नाही. फेस येतो तो कॅटलेजमुळे. शिजवल्यावर प्रथिन तिथेच आहे, पण आकार बिघडला आणि काम गेलं. रचना आणि कार्य, पाच मिनिटांत!

२) हरभऱ्याची गाठ. शेतातून एक रोप मुळासकट आणा, मुळं धुऊन गाठी शोधा, एक फोडून आतला रंग बघा. नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. का धुवायचे, तेही मुलांकडूनच वदवून घ्या.

३) तारेची किल्ली. मऊ तार वाकवून मुलांनी वेगवेगळे आकार करायचे, आकडा, कडी, चमचा. कोणता आकार कोणतं काम करतो ते सांगायचं. मग तीच तार सरळ करायची आणि विचारायचं, ‘आता काय काम करेल?’

४) पालकांसाठी चिठ्ठी. मुलांनी आपल्या शब्दांत तीन वाक्यं लिहून घरी न्यायची. खोल जखम झाली तर ती वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुऊन दवाखान्यात जायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. टीडीच्या दिवशी शाळेला दांडी मारायची नाही. मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी पालक वाचतात, छापील सूचना वाचत नाहीत, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

शेवटी एवढंच

विज्ञान म्हणजे वाक्यं पाठ करणं नव्हे, असं आपण प्रशिक्षणात शंभर वेळा ऐकतो. ते खरं करायचं असेल तर ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे शब्द फळ्यावर लिहिण्याआधी खडू जरा थांबवायला हवा. ऑक्सिजनविषयीचं हे एक वाक्य बदललं तर त्यातून गोबरगॅस समजतो, हरभऱ्याची गाठ समजते, आजीच्या हातातला मध समजतो आणि दंडावरची सुई का सोसायची हेही समजतं. एवढं सगळं एका वाक्याच्या मागे अडून राहिलेलं असेल, तर ते वाक्य पुसायला काय हरकत आहे?

येत्या आठवड्यात परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर एवढंच लिहून बघा : ‘काही सजीव ऑक्सिजनशिवायही जगतात.’ आणि मग खडू खाली ठेवा. पुढचे प्रश्न मुलंच विचारतील.